पोलिसांच्या हातातले लष्करी हत्यार : ते येते कुठून आणि उभे राहते कुणासमोर?

दरवर्षी १ जानेवारीला आपण पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला निघतो. बस वाहनतळावर थांबते, पुढे बॅरिकेड लागतात, डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत असतो आणि रस्त्याच्या कडेला जाळी बसवलेल्या निळ्या गाड्या ओळीने उभ्या असतात. सोबतची नवी पोरे विचारतात, ही गाडी कसली, त्या जवानाच्या हातातली बंदूक कोणती, हे पुणे पोलीस की एसआरपी, आणि मिलिटरी आली आहे का. आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांनाही या प्रश्नांची नीट उत्तरे देता येत नाहीत. म्हणून आम्ही हा लेख संदर्भासाठी तयार केला आहे. जपून ठेवावा आणि अभ्यासवर्गात वापरावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख पोलिसांच्या विरोधात नाही. आपली शेकडो मुले-मुली पहाटे उठून १६०० मीटर धावण्याचा आणि गोळाफेकीचा सराव करतात ती पोलीस भरतीसाठीच. आपला वर्दीशी संबंध जुना आहे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरवली आणि भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज पाठवला. त्यातली मुख्य मागणी होती, आम्हाला सैन्यात आणि पोलिसात घ्या. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याच्या आणि देहूरोडच्या डेपोच्या पगारावर आपली कितीतरी घरे शिकली. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली ती देहूरोडलाच, म्हणजे लष्करी डेपोच्या गावात. बंदुकीच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे असतात. त्यामुळे बंदूक कोणती, हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू आहे.

अमेरिकेतला प्रकार

लष्कराचा जुना माल पोलिसांना देण्याची चर्चा जगभर झाली ती अमेरिकेमुळे. तिथे संरक्षण खात्याच्या १९९७ च्या कायद्यात १०३३ क्रमांकाचे कलम आहे. त्याआधी १९९० पासून थोड्या वेगळ्या रूपात हीच सोय होती. सैन्याला नको असलेला माल स्थानिक पोलिसांना फुकट मिळतो, वाहतुकीचा खर्च फक्त त्यांनी करायचा. कारण सांगितले गेले अमली पदार्थविरोधी लढ्याचे, पुढे त्यात दहशतवादाची भर पडली. आतापर्यंत सात अब्ज डॉलरपेक्षा जास्त मूळ किमतीचे सामान हजारो पोलीस खात्यांना गेले आहे. बरेच सामान साधे असते, कपाटे, ब्लँकेट, संगणक. पण त्यात रायफली होत्या, आणि इराक-अफगाणिस्तानात सुरुंगांपासून बचावासाठी बनवलेली अजस्र चिलखती वाहनेही होती. या योजनेत एक अट अशी की मिळालेली वस्तू एका वर्षाच्या आत वापरात आणायची. वस्तू आधी येते आणि तिच्यासाठी काम नंतर शोधले जाते, ही खोड त्या अटीतच आहे.

लहान गावांत याचे नमुने हास्यास्पद झाले. न्यू हॅम्पशायर राज्यातले कीन हे छोटे शहर. तिथल्या पोलिसांनी २०१२ साली केंद्राच्या अनुदानातून चिलखती गाडी मागितली, आणि अर्जात गावच्या भोपळ्याच्या जत्रेचा उल्लेख केला. सॅन डिएगोच्या शाळा मंडळाने २०१४ साली सुरुंगरोधक वाहन घेतले आणि लोक ओरडल्यावर परत केले. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हसू थांबले. मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात पोलिसाने मायकेल ब्राउन या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घातली. निदर्शने झाली, आणि चिलखती गाडीच्या टपावर बसून जमावावर नेम धरलेल्या पोलिसांची छायाचित्रे जगाने पाहिली. ओबामांनी २०१५ मध्ये या सामानावर काही बंधने घातली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ती उठवली, बायडन यांनी २०२२ मध्ये पुन्हा काही घातली. सरकार बदलले की यादी बदलते.

यावर तिथे अभ्यास झाले. सुरुवातीच्या काही शोधनिबंधांनी म्हटले की असे सामान मिळाले की गुन्हे घटतात. नंतरच्या संशोधकांनी तीच आकडेवारी तपासली, तिच्यातल्या चुका दाखवल्या आणि तो निष्कर्ष टिकत नाही असे मांडले. २०१८ साली जोनाथन मुम्मोलो यांनी मेरीलँड राज्यातल्या लष्करी धाटणीच्या पोलीस पथकांचा अभ्यास केला. गुन्ह्यांचे प्रमाण हिशेबात धरूनही ही पथके कृष्णवर्णीयांची वस्ती जास्त असलेल्या भागांत अधिक वेळा धाडली जात होती. त्यामुळे गुन्हे कमी झाल्याचा किंवा पोलीस जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. हे वाचताना आपल्याला कुठली वस्ती आठवते ते सांगायला नको.

आपल्याकडे माल येतो कसा

आपल्याकडे १०३३ सारखी योजना नाही. सैन्य जुन्या गाड्या भरून तालुक्याच्या ठाण्याला पाठवत नाही. पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत आहे, म्हणजे शस्त्र कुठले घ्यायचे हे राज्याच्या गृहखात्याने ठरवायचे. तरी लष्करी हत्यार पोलिसांकडे येतेच, फक्त वाट वेगळी आहे.

पहिली वाट पिढीची. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायाच्या हातात चांगले हत्यार द्यायचे नाही असे धोरण ठेवले. पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी त्यांनी पुढे लष्करी रायफलच मुद्दाम अधू करून .४१० ची मस्कट बनवली. नळी गुळगुळीत, एका वेळी एक काडतूस, मारा जवळचा. पुढे थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ रायफल पोलिसांकडे आली. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात लढलेले हे हत्यार. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्य ७.६२ मिलिमीटरच्या एसएलआरकडे वळले आणि थ्री नॉट थ्री ही हळूहळू पोलिसांचीच रायफल होऊन बसली. सैन्याने १९९० च्या दशकात इन्सास घेतली, मग एसएलआर पोलिसांकडे दिसू लागली. आता सैन्य इन्सास बाजूला ठेवते आहे आणि पोलीस इन्सास वापरत आहेत. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला तो थेट २०२० साली.

मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला, असा हा व्यवहार. पण कपड्यात आणि रायफलीत फरक आहे. या रायफली बनल्या त्या मोकळ्या मैदानात, कित्येकशे मीटरवरच्या शत्रू सैनिकाला पाडण्यासाठी. थ्री नॉट थ्रीची गोळी नळीतून सेकंदाला सातशे मीटरहून अधिक वेगाने सुटते. पत्र्याच्या भिंती, हातभर गल्ल्या आणि दारात उभी माणसे असलेल्या वस्तीत ती गोळी ज्याच्यावर झाडली त्याच्यापाशी थांबत नाही. जुने हत्यार म्हणजे कमी घातक हत्यार, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

दुसरी वाट पैशाची. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना १९६९-७० पासून चालू आहे. शस्त्रे, वाहने, दळणवळण, न्यायवैद्यक प्रयोगशाळा असे सगळे त्यात येते. आपल्यासारख्या राज्यांत खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या छत्रयोजनेला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ देताना २६,२७५ कोटी रुपये मंजूर केले. हा आकडा देशभराचा, आणि त्यात जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत व नक्षलग्रस्त भागांचा सुरक्षा खर्चही धरलेला आहे. याशिवाय जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना गाड्या दिल्या जातात. पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवतात, फोटो छापून येतो. ज्या समितीत आपल्या वस्तीच्या समाजमंदिराचे आणि रस्त्याचे विषय येतात, त्याच समितीत हे विषय मंजूर होतात. आपले सदस्य तिथे असतात. इतिवृत्त मागणारे मात्र फार थोडे.

तिसरी वाट कारखान्याची. पोलिसांच्या रायफली आणि काडतुसे बहुतांशी सरकारी आयुध निर्माणींतून येत आली आहेत. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या गेल्या. दारूगोळ्याची कंपनी म्युनिशन्स इंडिया, तिचे मुख्यालय पुण्यात आहे. अश्रुधूर मात्र ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला, सीमा सुरक्षा दलाच्या खास कारखान्यात तयार होतो. सीमेवरच्या दलाने बनवलेला धूर गावातल्या मोर्चावर सुटतो.

गाडीत कोण बसलेले असते

आता त्या निळ्या गाड्यांकडे येऊ. मोर्चात उभे राहताना समोरचे दल कोणते हे ओळखता आले पाहिजे, कारण हुकूम कुणाचा आणि जबाबदारी कुणाची हे त्यावर ठरते.

ठाण्याचे पोलीस बहुधा लाठी घेऊन असतात. त्यांच्या मागे मुख्यालयाचे दंगल नियंत्रण पथक, म्हणजे आरसीपी. त्यांच्याकडे ढाल, हेल्मेट, अश्रुधुराची बंदूक. काळ्या किंवा ठिपक्यांच्या गणवेशातले क्यूआरटी म्हणजे जलद प्रतिसाद पथक. ते दहशतवादी हल्ल्यासाठी असते, गर्दीसाठी नव्हे. 'वरुण' ही पाण्याचा मारा करणारी गाडी, 'वज्र' ही अश्रुधुराची नळकांडी फेकणारी दंगल नियंत्रणाची गाडी. वज्र हा शब्द आपल्याला वेगळ्या अर्थाने माहीत आहे, नाव ठेवणाऱ्याला तो माहीत असेल असे वाटत नाही.

आणि एसआरपी. राज्य राखीव पोलीस बल १९४८ साली सुरू झाले, १९५१ च्या स्वतंत्र कायद्याने चालते. त्याचे पहिले दोन गट पुण्यात आहेत, दौंडला आणखी दोन. रचना पूर्ण लष्करी आहे, गट म्हणजे बटालियन, त्याच्या कंपन्या, कंपनीचे प्लाटून, आणि वर समादेशक. जवान गावोगाव बंदोबस्ताला फिरतात, स्थानिक वस्ती त्यांना माहीत नसते, भाषा कधी कधी वेगळी पडते, आणि हातात रायफल असते. वस्तीतल्या म्हातारीला नावाने ओळखणारा बीट हवालदार आणि रात्री बाराला गाडीतून उतरलेला राखीव दलाचा जवान यांत फार अंतर आहे. यात जवानाचा दोष नाही. दल उभेच तसे केले आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्रात फोर्स वन उभे राहिले, बुलेटप्रूफ गाड्या आल्या. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ माणसे गेली आणि पुण्यातही या तयारीला वेग आला. ही गरज खरी होती, हे आम्ही नाकारत नाही. सीएसटी स्थानकावर एके-४७ समोर थ्री नॉट थ्री घेऊन पोलीस उभे होते. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, तेव्हा त्यांच्याजवळ फक्त लाठी होती. पोलिसाला चांगले जॅकेट आणि चांगले हत्यार मिळालेच पाहिजे. गडचिरोलीत १ मे २०१९ ला पोलिसांचे १५ जवान सुरुंगस्फोटात गेले ते साध्या खासगी वाहनातून प्रवास करताना. त्यांना सुरुंगरोधक गाडी नको असे कोण म्हणेल?

आमची अडचण पुढे आहे. दहशतवाद्यासाठी घेतलेले सामान आणि त्यासोबत आलेली सवय नंतर कुणासाठी वापरली जाते?

घाटकोपर

या विषयावर आपल्या समाजाला कुठल्याही शोधनिबंधाची गरज नाही. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले, महामार्ग अडला. एसआरपीची गाडी आली आणि थोड्याच वेळात गोळीबार झाला. १० जण ठार, २६ जखमी. पोलिसांचे म्हणणे होते की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. नेमलेल्या न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार समर्थनीय नव्हता असे म्हटले आणि एसआरपीचे फौजदार मनोहर कदम यांना जबाबदार धरले. २००९ साली सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. त्यानंतर काही दिवसांतच उच्च न्यायालयातून शिक्षा स्थगित होऊन ते जामिनावर सुटले. गोळीबार ते शिक्षा, मध्ये १२ वर्षे. त्या गोळीबाराने व्यथित होऊन शाहीर विलास घोगरे यांनी १५ जुलैला स्वतःला संपवले. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' तिथूनच सुरू होतो.

घाटकोपरला 'अतिरेकी कारवाई' नव्हती. पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेली माणसे होती. त्यांच्यापुढे स्थानिक ठाण्याचे ओळखीचे अधिकारी, लाठी, पाणी, भोंग्यावरून सूचना, या सगळ्या पायऱ्या ओलांडून थेट रायफल पोहोचली. प्रश्न रायफल असण्याचा कमी आणि मधल्या पायऱ्या नसण्याचा जास्त होता.

हे फक्त आपल्याच बाबतीत घडते असेही नाही. ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, मावळात बौर गावाजवळ द्रुतगती महामार्गावर पवना बंदिस्त जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. तिघे गेले, त्यात एक महिला. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. त्यानंतर तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी माफी मागितली. मावळच्या शेतकऱ्याचा आणि अंतरवालीच्या आंदोलकाचा अनुभव आपल्या अनुभवाशेजारी ठेवला पाहिजे. या विषयावर सोबत बसता येईल अशी माणसे आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत.

पुण्याच्या आठवणीत याचा सगळ्यात जुना धडा १८९७ चा. प्लेगच्या साथीत रँडसाहेबाने घरझडतीसाठी गोरे सोल्जर शहरात उतरवले. साथ खरी होती आणि उपायही करायलाच हवे होते. पण रोग्याच्या शोधाला शिपाई पाठवला की तो शत्रूच शोधतो. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर शहरावर आणखी जादा पोलीस बसवले गेले.

शब्द आधी येतात

सामानासोबत भाषाही लष्कराची येते, आणि ती फुकट मिळते. 'फ्लॅग मार्च', 'एरिया डॉमिनेशन', 'कोम्बिंग ऑपरेशन'. शेवटचा शब्द मुळात शत्रूने लपण्यासाठी वापरलेले जंगल विंचरून काढण्याचा आहे. आता तो भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाईनगर अशा नावांच्या वस्त्यांना लावला जातो. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर राज्यभर आपल्या वस्त्यांत रात्री धरपकड झाली ती याच नावाने. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, आणि मग पुन्हा तोच शब्द. पकडलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. परभणीच्या वस्त्यांत झालेल्या मारहाणीच्या तक्रारी लाठीच्या आणि बुटाच्या आहेत, चिलखती गाडीच्या नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, लष्करीकरण मोजायचे तर गाड्या मोजून पुरत नाही.

उलट बाजूने १ जानेवारी २०१८ पाहा. कोरेगाव भीमा, सणसवाडीत दगडफेक आणि जाळपोळ झाली, तेव्हा काय कमी पडले? आमच्या मते रायफल कमी पडली नव्हती. वढू बुद्रुकमध्ये आदल्या काही दिवसांत वातावरण तापत होते, ते वेळेवर ओळखून गावात जाऊन बसणारे पोलीस कमी पडले. पुढच्या वर्षीपासून हजारोंचा बंदोबस्त, सीसीटीव्ही, ड्रोन सुरू झाले. अभिवादनाला येणाऱ्यांना त्यातून खरेच सुरक्षित वाटते, हेही कार्यकर्ते सांगतात, आणि आमचाही तोच अनुभव आहे. मात्र तो ड्रोन बाहेरून येणाऱ्या दगडावर नजर ठेवतो की आपल्या चेहऱ्यांची नोंद करतो, ते चित्रीकरण किती दिवस ठेवले जाते, याचा नियम आपल्याला कुणी दाखवलेला नाही.

कायदा काय म्हणतो

जमाव पांगवण्याच्या तरतुदी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ ते १३२ मध्ये होत्या. १ जुलै २०२४ पासून त्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ ते १५१ मध्ये आहेत. कलम १४८ नुसार कार्यकारी दंडाधिकारी, ठाणे अंमलदार किंवा त्याच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकतो, आणि न पांगल्यास बळ वापरू शकतो. कलम १४९ सैन्य बोलावण्याचे आहे, ते जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारीच करू शकतो.

यात एक गंमत आहे, अभ्यासवर्गात जरूर वाचून दाखवा. 'शक्य तितके कमी बळ वापरावे, माणसाला आणि मालमत्तेला शक्य तितकी कमी इजा करावी' अशा अर्थाचे वाक्य कायद्यात आहे ते सैन्याच्या कलमात. पोलिसांच्या कलमात ते वाक्य नाही. पोलिसांवरचे किमान बळाचे बंधन नियमावलीतून आणि न्यायालयांच्या निकालांतून येते. म्हणजे पोलिसाला सैनिकाचे हत्यार मिळाले, पण सैनिकाला कायद्याने घातलेली अट त्याच्या कलमात लिहिली गेली नाही. नवी संहिता करताना ही चूक दुरुस्त करण्याची संधी होती. कलम १५१ पुढे सांगते की या कलमांखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला भरता येत नाही.

दोन निकाल पाठ असावेत. २२ सप्टेंबर २००६ चा प्रकाश सिंह निकाल, ज्याने राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. दुसरा, २३ सप्टेंबर २०१४ चा पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र शासन हा निकाल. चकमकीत मृत्यू झाल्यास स्वतंत्र तपास, दंडाधिकारी चौकशी, आणि वापरलेले शस्त्र न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करणे त्यात बंधनकारक केले आहे.

माहिती कशी मागायची

अमेरिकेच्या योजनेतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे कोणत्या गावच्या पोलिसांना काय मिळाले याची यादी सरकार प्रसिद्ध करते. तिथल्या कार्यकर्त्यांनी ती यादी वापरूनच लढा दिला. आपल्याकडे पोलीस संशोधन व विकास ब्युरो दरवर्षी देशाच्या पोलीस दलांची आकडेवारी छापतो, त्यात मनुष्यबळ, वाहने, आधुनिकीकरणाचा खर्च राज्यवार मिळतो. तालुक्याचे चित्र त्यात दिसत नाही. ते माहिती अधिकारातून काढावे लागते.

अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या किंवा ग्रामीण अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. पुण्यात आता पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी तीन वेगळी कार्यालये आहेत, आपले ठाणे कुठे येते ते आधी तपासा. लोणीकंद ठाणे पूर्वी ग्रामीणकडे होते, आता शहराकडे आहे, आणि अर्ज चुकीच्या दारी गेला की महिना वाया जातो.

'तुमच्याकडे किती रायफली आहेत' असे विचारू नका. कलम ८ दाखवून नकार येईल, आणि काही प्रमाणात तो योग्यही असेल. विचारा, गेल्या पाच वर्षांत आधुनिकीकरण योजनेतून आणि जिल्हा नियोजन समितीतून किती रक्कम मिळाली, त्यातली वाहनांवर किती, दंगल नियंत्रण साहित्यावर किती आणि प्रशिक्षणावर किती खर्च झाली. 'वज्र' आणि 'वरुण' गाड्या गेल्या वर्षी किती दिवस रस्त्यावर होत्या. जमाव नियंत्रणाचे प्रशिक्षण किती जणांना, किती दिवसांचे दिले. ड्रोन चित्रीकरण किती दिवस ठेवायचे याचा लेखी आदेश आहे का, असल्यास प्रत द्या. खरेदीच्या निविदा महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या जेम पोर्टलवर दिसतात, अर्ज करण्याआधी तिथे एक संध्याकाळ घालवा. प्रशिक्षणाचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बहुधा कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क आहे, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. त्यामुळे वरचे प्रश्न तीन-चार अर्जांत तोडावे लागतील. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील. माहितीचा काही भाग गोपनीय असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून उरलेला देणे बंधनकारक आहे, हे अर्जातच लिहून टाका. पोहोच घेतल्याशिवाय अर्ज सोडून येऊ नका.